गाडी आपली, पानाही आपल्या हातात
(गावोगावी दुचाकीवरून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमात ‘मोटरसायकलचं ऑईल घरी कसं बदलायचं’ हा विषय वाचून काहीजणी हसल्या. मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, या रांगेत हे ऑईल कुठून आलं? पोटगीच्या तारखेला जायचं असो की रेशनच्या मोर्चाला, आपल्यापैकी बऱ्याचजणी दुचाकीवरून जातात. जिथे एस.टी. दिवसातून दोनदाच येते, तिथे दुचाकी म्हणजे आपले पाय. पण या पायांची निगा कोण राखतं? ‘गाडी सर्व्हिसिंगला टाकून या ना’ म्हणून नवऱ्याला, भावाला, मुलाला विनवावं लागतं. त्याला सवड झाली तर गाडी जाते, नाही तर राहते. आणि गाडी बंद पडली की घरात ऐकायला मिळतं, ‘म्हणून म्हणत होतो, बाईमाणसाने एवढं लांब जाऊ नये.’ ऑईल संपलेलं असतं गाडीतलं, बंदी येते बाईवर.

हे असं का झालं, ते थोडं पाहू. १९७२ साली लूना आली. पुढे कायनेटिक होंडा आली, १९९४ मध्ये स्कूटी आली. या गाड्यांनी हजारो बायकांना घराबाहेर काढलं, हे त्यांचं मोठंच काम. पण त्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. ऑईल पेट्रोलबरोबर जळून जायचं. लूनाला पंपावर पेट्रोलात ऑईल मिसळून घेतलं की झालं. इंजिनातलं जुनं ऑईल काढून नवं भरायचं, हा प्रकारच नव्हता. आता रस्त्यावरच्या पेट्रोलच्या दुचाक्या बहुतेक फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचं ऑईल इंजिनात साठलेलं असतं आणि ठरावीक अंतरानंतर ते बदलावंच लागतं. गाड्या बदलल्या, पण त्या कामाची माहिती आपल्यापर्यंत कोणी पोचवली नाही.

आणखी एक गंमत सांगते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा हवा, असं तो सांगतो. त्या आडोशालाच आपण ‘साडी गार्ड’ म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्याने जीव वाचतात. पण नाव पाहा. मोटरसायकलवर साडी कुठे असणार, तर मागे! आज इथे जमलेल्या आपण सगळ्या पुढच्या सीटवर बसणाऱ्या आहोत. तेव्हा पुढे बसणाराला जे कळायला हवं, ते आपल्याला कळायलाच हवं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ऑईल इंजिनाचे फिरते भाग एकमेकांवर घासू देत नाही, उष्णता वाहून नेतं आणि काजळी स्वतःत धरून ठेवतं. ते काळं पडतं ते त्यामुळेच. नुसतं काळं झालं म्हणजे लगेच वाया गेलं असं नाही. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. गाडीगणिक हा आकडा वेगळा असतो, बहुतेक ३,००० ते ६,००० किलोमीटरच्या दरम्यान. ते पुस्तक कपाटात असेल, ते आधी ताब्यात घ्या. गाडीची वॉरंटी चालू असेल तोवर मात्र कंपनीच्या केंद्रातच काम करून घ्या, पण समोर उभं राहून बघा.

सामान थोडकंच लागतं : बोल्टला घट्ट बसणारा पाना, पसरट जुनं घमेलं, नरसाळं, फडकी, रबरी हातमोजे, नवा वॉशर आणि ऑईल. ऑईल घेताना डबा वाचा. गियरच्या मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गियर या तिन्हींना बहुधा एकच ऑईल पुरतं. म्हणून डब्यावर इंग्रजीत ‘जासो एमए’ असं लिहिलेलं हवं. मोटारीचं ऑईल घातलं तर क्लच घसरू लागतो. बिनगियरच्या स्कूटरला पुस्तकात दिलेलं वेगळं ऑईल लागतं.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. पदर, ओढणी खोचून घ्या. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑईल पातळ होतं आणि घाण घेऊन खाली येतं. फार तापलेल्या इंजिनाला हात लावू नका, भाजेल. वरचं ऑईलचं झाकण काढा. इंजिनाच्या तळाशी ड्रेन बोल्ट असतो. त्याच्याखाली घमेलं ठेवा. बोल्टच्या डोक्याकडे बघत घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने तो सैल करा. ऑईल दहाएक मिनिटं निथळू द्या. बोल्ट पुसून त्याला नवा वॉशर घाला आणि आधी बोटांनीच फिरवा. तिरका जाऊ लागला तर काढून पुन्हा लावा. मग पान्याने आवळा, पण पैलवानी करू नका. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. आटे गेले तर खर्च वाढतो.

मग नरसाळ्याने नवं ऑईल ओता. १०० सी.सी.च्या बऱ्याच गाड्यांत ते लिटरच्या आतबाहेर मावतं. नेमका आकडा पुस्तकातला धरा. झाकण लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थोडं थांबा. मापाची दांडी पुसून पुन्हा बुडवा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये दिसायला हवं. कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही. शेवटी खाली वाकून बोल्ट गळत नाही ना ते बघा. काही गाड्यांना ऑईलची वेगळी जाळी किंवा फिल्टर असतो, तो पहिल्यांदा जाणकाराकडून पाहून घ्या. किलोमीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहा. झालं. यात दंडाची ताकद कुठे लागली? अर्धा-पाऊण तास गेला आणि लक्ष लागलं.

काढलेल्या ऑईलचं काय? ते गटारात, विहिरीजवळ, बांधावर ओतायचं नाही. त्यात धातूचे कण असतात, ज्वलनातून आलेली, कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलं आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, जखमेवर म्हणून बैलाला लावायची पद्धत आहे, तीही सोडायला हवी. रिकाम्या डब्यात भरून, जुनं ऑईल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस केंद्रात द्या. गॅरेजमधली कोवळी पोरं दिवसभर याच ऑईलमध्ये उघडे हात घालतात, तेही आपल्याला दिसायला हवं. आपलं भांडण त्यांच्याशी नाही.

एक मैत्रीण मघाशी म्हणाली, ‘धुणं, भांडी, पाणी, आणि आता गाडीचं ऑईलपण आमच्याच गळ्यात?’ तिचा प्रश्न खरा आहे. आपण शिकायचं ते घरातलं आणखी एक काम ओढून घेण्यासाठी नाही. कोणी करून दिलं तर खुशाल घ्या, गॅरेजला पैसे देऊन करून घ्या. फक्त ‘करता येतं’ हे हातात असू द्या. मग बिलात लिहिलेलं ऑईल खरंच बदललं का, हे दांडी काढून बघता येईल, आणि जाण्यासाठी कोणाच्या सवडीकडे डोळे लावावे लागणार नाहीत. नाही तरी आजवर काय चाललं आहे? नवऱ्याच्या कपड्यांवरचे ऑईलचे डाग घासायचं काम आपलं, आणि ऑईलची अक्कल मात्र त्याची! घाण आपल्याला नवी नाही. माहिती तेवढी नवी आहे.

आणि ही माहिती घरात फक्त मुलाला देऊ नका. मुलगी घमेलं धरील, मुलगा पाना चालवील, अशी वाटणीही करू नका. दोघांना दोन्ही करू द्या. त्या दिवशी संध्याकाळच्या भाकरीही दोघांनी मिळून थापाव्यात.

चहानंतर मागच्या अंगणात जमू. संस्थेची गाडी तिथे लावली आहे, ऑईलचा डबा आणि पाने आणले आहेत. मी हात लावणार नाही, नुसती शेजारी उभी राहीन. ज्यांनी आजवर पाना हातात धरलेला नाही, त्यांनी आधी पुढे यायचं.