संगणकाच्या मेनूकडे जाणाऱ्या वाटा

(ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कचेरीत दाखल्यासाठी रांग लागलेली असते आणि ऐन वेळी माउस बंद पडतो. "आज संगणक चालत नाही, उद्या या," असे सांगून लोकांना परत पाठविले जाते. वास्तविक संगणक सुस्थितीत असतो. बिघडलेला असतो तो केवळ माउस. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला हा भेद ठाऊक नसतो. संगणकापुढे बसणाऱ्यास तरी तो ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या यादीत मांडलेल्या असतात तिला मेनू म्हणतात. ही यादी कोठे असावी याविषयी निर्मात्यांत एकवाक्यता नाही. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकात मेनूची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला होती व आजही तेथेच आहे. विंडोजमध्ये ती सामान्यतः ज्या त्या प्रोग्रामच्या चौकटीत असते. लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे पोचण्यास वेळ अधिक, असे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले. कडेची पट्टी या दृष्टीने सोयीची, कारण बाण कितीही वेगाने वर नेला तरी कडेपाशी थांबतोच. नेम धरावा लागत नाही. मात्र पट्टी नेमकी कोणत्या प्रोग्रामची, असा नवख्याचा घोटाळा होतो, हेही खरे.

१९९५ च्या विंडोजने डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चे बटण दिले. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकण्यात आले; लोक गोंधळले व पुढल्याच वर्षी ते परत आणावे लागले. २०२१ च्या विंडोज ११ ने ते मध्यभागाकडे सरकविले. "कोपऱ्यात दाबा" एवढेच ज्याला शिकविले, तो प्रत्येक फेरबदलानंतर पुन्हा नवशिका! कळफलकावरील विंडोजची कळ मात्र या साऱ्या स्थित्यंतरांत स्टार्टच उघडीत राहिली. ती दाबून प्रोग्रामच्या नावाची पहिली अक्षरे टंकित केली की तो समोर येतो.

प्रोग्राममधील मेनूसाठी ऑल्ट किंवा एफ-१० ही कळ दाबावी. मग बाणांच्या कळांनी फिरावे, एंटरने आज्ञा द्यावी, एस्केपने मागे यावे. २००७ च्या ऑफिसमध्ये मेनूच्या पट्टीऐवजी रिबन आली. तेथेही ऑल्ट दाबताच प्रत्येक आज्ञेपाशी तिचे अक्षर उमटते. माउसच्या उजव्या बटणाचे काम शिफ्ट व एफ-१० मिळून करतात.

ही वाट केवळ अडचणीच्या वेळची नव्हे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरील बाण दिसत नाही. त्याची हीच मुख्य वाट. एनव्हीडीए हा विनामूल्य पडदावाचक मेनूतील प्रत्येक नाव त्याला वाचून दाखवितो. शिक्षक "येथे क्लिक करा" म्हणाले, तर 'येथे' म्हणजे कोठे हे त्या मुलाला कळावयाचे कसे? त्यांनी आज्ञेचे नाव व कळ सांगावी. आठवड्यातून एक तास माउस बाजूला ठेवून पत्र उघडणे, जतन करणे, छापणे व संगणक रीतसर बंद करणे ही चार कामे सर्व वर्गाकडून करवून घ्यावीत. कचेऱ्यांतही हा सराव व्हावा, आणि तो रांग नसताना व्हावा.