यंत्राचा श्वास



संगणकावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. माझी उभी हयात जिन-प्रेसच्या कामगारांत गेली. पण कामगाराची बाजू मांडायची तर त्याच्या यंत्राचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. म्हणून पुस्तके चाळून आणि मिस्त्रींच्या शेजारी बसून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

मागल्या एका उन्हाळ्यातील गोष्ट. एका केंद्रात लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या मुलाचा संगणक दुपारी बारानंतर मंदावे आणि पुढे आपोआप बंद पडे. बाहेर शेतकऱ्यांची रांग तिष्ठत असे. मालकांनी निदान केले, की मुलगा कामचुकार आहे. बंद पडलेल्या वेळेचे पैसेही कापले. मी रदबदलीला गेलो, तो काय पाहतो! धूळ लागू नये म्हणून संगणकाची पेटी लाकडी कपाटात ठेवलेली, पाठ भिंतीला टेकलेली आणि वर कशिद्याचे कापड. माया खरी, पण ती यंत्राचे नाक दाबीत होती.

संगणक जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सर्व उष्णता होते. जुना 100 वॅटचा दिवा हाताला कसा चटका देई, ते आठवा. तेवढी उष्णता बाहेर न्यायची आणि हवा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला सुमारे 9 लिटर, म्हणजे निम्मी बादली हवा पेटीतून वाहिली पाहिजे. वाट अडली की प्रोसेसर तापतो. पुष्कळशा प्रोसेसरांची सहनशक्ती 100 अंशांच्या आसपास संपते. तिथवर पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. हा आळस नव्हे. ही जीव वाचविण्याची धडपड आहे.

आपण वऱ्हाडातली माणसे कूलर ओळखतो. समोरची खिडकी मिटलेली असली तर कूलर कितीही घरघरला तरी खोली दमट होते, गार होत नाही. पेटीचेही तसेच आहे. हवेने पुढून, खालच्या अंगाने आत यावे आणि मागून, वरच्या अंगाने बाहेर जावे. कारण तापलेली हवा वर चढते. आत ओढणारे पंखे थोडे जोरकस असावेत व त्यांच्यापुढे जाळी असावी, म्हणजे इतर फटींतून धूळ शिरत नाही. वायरी बांधून कडेला घ्याव्यात. पेटीमागे वीतभर जागा सोडावी. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर नको. त्यात ओल असते. आणि एक ध्यानात ठेवावे : पंखा हवा गार करीत नाही, नुसती हलवितो. खोलीत 43 अंश असतील, तर पेटी त्याहून थंड होणे नाही.

आम्ही ती पेटी कपाटाबाहेर काढली, वीज तोडून उघडली. प्रोसेसरवरच्या पत्र्यांत रुईचा आणि धुळीचा नमदा बसला होता. पंख्याचे पाते बोटाने धरून फुंकणीने हवा मारली. पाते मोकळे सोडले तर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. त्या दिवशी रांग संध्याकाळपर्यंत सरकत राहिली. पुढे मुलाचे कापलेले पैसेही मिळाले.

पण माझे काम तेथे संपले नव्हते. मुलगा अजून त्याच बिनखिडकीच्या टिनपत्र्याच्या खोलीत बसत होता. 1948 च्या कारखाने कायद्याने 13 व्या कलमात कामाच्या जागी पुरेशी मोकळी हवा आणि सुसह्य तापमान मागितले होते. मालक म्हणाले, ‘हा कुठे कारखाना आहे?’ खरेच, नव्हता. पण माणसाचे अंग कलम वाचून तापत नाही! महिनाभर घासाघीस झाली, तेव्हा कुठे समोरासमोर दोन खिडक्या निघाल्या.

यंत्र सोसेनासे झाले की बंद पडते, आणि आपण धावतो. गरजू माणूस बंद पडत नाही. घाम पुसून काम करीत राहतो, म्हणून कोणी धावत नाही. यंदा आपापल्या संगणकाची पेटी जरूर उघडून पाहा. तिच्यासाठी हवेची वाट कराल, तेव्हा त्याच वाटेवर काम करणाऱ्याची खुर्चीही मांडा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.