गिलिटाचे सोने, गिलटाची चांदी

रायपूर शहरात रेल्वे स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला गुढियारी नावाची वस्ती आहे. धान्य आणि किराणा यांच्या घाऊक व्यापाराचे हे ठाणे. आसपासच्या खेड्यांतील माणसांची तेथे सारखी ये-जा असते, आणि त्या गर्दीतील एखाद्या वयस्क बाईच्या अंगावर जुने छत्तीसगढी अलंकार अजूनही दृष्टीस पडतात. गळ्यात ताठ कड्यासारखा सुता, मनगटात पीळदार ऐंठी, दंडावर नागमोरी, पायांत पैरी. हे अलंकार चांदीचे असतात किंवा गिलटाचे असतात. रंगाने दोन्ही पांढरेच. कशाचे आहेत म्हणून कोणी विचारलेच, तर ती बाई मुळीच न संकोचता सांगते, ‘गिलट के आय.’

याच शहरात मराठी कुटुंबेही पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांची फौज 1741 मध्ये छत्तीसगढात उतरली, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ कारकून, शिलेदार, पुरोहित व सोनार या मुलखात स्थिरावले. या घरांतूनही हा शब्द ऐकू येई, पण ‘गिलिट’ असा. आणि तो पिवळा होता! गिलिटाची माळ म्हणजे वरून सोन्याचे पाणी दिलेली माळ. तेव्हा नागपूरकडून नुकत्याच आलेल्या एखाद्या सुनेने शेजारणीच्या पैरी गिलटाच्या आहेत असे ऐकले, तर तिला वाटावे की बिचारीच्या पायांतले सोने झिजून गेले. शेजारणीला मात्र त्यावर सोने कधी काळी असायला हवे होते, याचीच वार्ता नसते. शब्द एक, त्याचे मूळ एक. पण एका भिंतीच्या अलीकडे तो नकली सोन्याचे नाव झाला आणि पलीकडे एका साध्या पांढऱ्या धातूचे.

मूळ शब्द इंग्रजी ‘गिल्ट’. ज्याला सोन्याने मढविले आहे ते गिल्ट. इंग्रजीतील सोन्याचे नाव आणि हा शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे जन्माने पाहिले तर गिलिट हे सोन्याचेच लेकरू. ते हिंदुस्थानात आले तेव्हा येथे या कामाला नाव नव्हते असे मात्र नाही. ‘मुलामा’ हा अरबी शब्द कितीतरी आधीपासून आपल्या भाषेत रुळलेला होता. त्याच्या मुळाशी चमकण्याचा अर्थ आहे. मुलामा म्हणजे चमकविलेले, झळाळी दिलेले. फारसी काव्यशास्त्रात तर दोन भाषांच्या ओळी आळीपाळीने गुंफलेल्या कवितेलाही हेच नाव आहे. तेथे या शब्दाला फसवणुकीचा वाससुद्धा नाही.

आणि मुलामा देणे ही फसवणूक नव्हतीच. ती मोठी जिकिरीची कारागिरी होती. सोने आणि पारा यांचा लगदा करायचा, तो तांब्याच्या किंवा चांदीच्या वस्तूवर सारखा चोळायचा, आणि ती वस्तू विस्तवावर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोने जागच्या जागी धरून राहते. मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला तेज आणायचे. उडून गेलेला पारा थोडाफार कारागिराच्या छातीत शिरे. या धंद्यातील माणसांचे हात पुढे पुढे कापू लागत, ही गोष्ट निरनिराळ्या देशांत नोंदली गेलेली आहे. देवळाच्या कळसावरची झळाळी पाहताना ते कापणारे हात कोणाला आठवत नाहीत, हे खरे. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कुटुंबाने विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि पाऱ्याचा हा जीवघेणा खेळ हळूहळू मागे पडला. वीज आली, कारखाने आले, स्वस्त दागिन्यांचा पूर आला आणि त्यांच्याबरोबर ‘गिलिट’ आले. आजही आपण म्हणतो की अमक्याच्या बोलण्याला सभ्यतेचा नुसता मुलामा आहे. मुलाम्याखाली काय आहे हे शोधण्याची वृत्ती त्या शब्दात शिरली, ती वापरणाऱ्यांच्या मनातून. कारागिराच्या भट्टीतून नव्हे.

बेगडाची कथाही अशीच आहे. बेगड म्हणजे कथलाचा अगदी पातळ पत्रा, त्याला रंगीत रोगण दिलेले. पिवळे रोगण दिले की तो सोन्यासारखा दिसे. गणपतीचे मखर, नवरानवरीची बाशिंगे, मोहरमचे ताबूत या सर्वांना शोभा आणणारी ही वस्तू. बाशिंगावरचे बेगड पाहून ते सोनेच आहे, अशी समजूत कोणा वऱ्हाड्याची कधी झाली असेल काय? ते चार दिवसांच्या सोहळ्यासाठीच असे, आणि सर्वांना ठाऊक असे. परंतु त्याच्या या अल्पायुष्यानेच त्याचा घात केला. बेगडाचा रंग फार काळ टिकत नाही, हा दृष्टान्त तुकोबांच्या अभंगातही आला आहे. आणि ‘बेगडी’ हे विशेषण आता ढोंगी प्रेमाला, पोकळ देशभक्तीला, खोट्या विद्वत्तेला लागते. बेगड हातात धरलेले नाही अशी माणसेही ‘बेगडी’ म्हणतात. वस्तू गेली, तिची निंदा तेवढी उरली.

या बाबतीत आपल्या जुन्या म्हणी अधिक न्यायी आहेत. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण नीट पाहावी. हसू येते ते कोणाचे? वाळ्याचे नव्हे. वाळा कथलाचा आहे आणि तो कथलाचाच दिसतो. त्याने सोन्याचा आव आणलेला नाही. आव आणला आहे तो नावाने.

इंग्लंडात याच वाटेने एक माणसाचे नाव गेले. ख्रिस्तोफर पिंचबेक हा लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील नाणावलेला घड्याळजी. 1732 मध्ये तो वारला. तांबे आणि जस्त यांचे विशिष्ट प्रमाण साधून त्याने सोन्यासारखा दिसणारा एक मिश्रधातू काढला. त्याची घड्याळे व साखळ्या लोक राजरोस ‘पिंचबेक’ म्हणून विकत घेत. त्याच्यामागे त्याच्या मुलाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ती मोठी गमतीची आहे. आमच्या धातूचा एक कणही आम्ही दुसऱ्या कोणास विकलेला नाही, सबब इतरांच्या मालाला भुलू नये, असा तिचा आशय. नकली सोन्याचीही नक्कल होऊ लागली होती, आणि अस्सल नकली सोने कोणते याची ग्वाही देण्याची पाळी आली होती! पुढे शंभर वर्षांत त्या प्रामाणिक कारागिराचे आडनाव इंग्रजीत खोटेपणाचा पर्याय होऊन बसले. 1854 मध्ये तेथील कायद्याने नऊ कॅरटचे, म्हणजे शंभरात केवळ साडेसदतीस भाग सोने असलेले दागिनेही सोन्याचे म्हणून मान्य केले, तेव्हा पिंचबेकची गरजच सरत गेली.

आपल्याकडे हाच प्रयोग 1963 च्या जानेवारीत झाला. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास मनाई झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोने. इंग्रजांच्या नऊ कॅरटपेक्षा ते कितीतरी चोख. परंतु ज्या भाषेत चांगल्या माणसाला ‘बावनकशी’ म्हणतात आणि वाईट वस्तूला ‘हिणकस’, तेथे हे सोने सोने म्हणून घरात कसे शिरावे? सरकारी कागदावर ते सोने होते, सासूबाईंच्या लेखी ते हिणकस होते. हजारो सोनारांची भट्टी विझली, कित्येकांच्या घरी उपासमार आली, आणि काही वर्षांतच ती अट मागे घ्यावी लागली. सोने कशाला म्हणावे हे राजपत्रातून ठरविता येत नाही, हे त्या काळच्या कोणत्याही सराफाने अर्ज न मागविताच सांगितले असते.

आता पुन्हा छत्तीसगढच्या पांढऱ्या गिलटाकडे. पिवळा शब्द पांढरा झाला कसा? कारखान्यातील मुलाम्याचे स्वस्त दागिने पुष्कळदा पांढऱ्या धातूवर घडत. ‘जर्मन सिल्व्हर’ हा त्यांतला एक. त्यात तांबे, जस्त व निकेल असते, चांदी रतिभरही नसते. वरचे सोने दोन पावसाळ्यांत उडून जाई, खालचा धातू राही, आणि नाव त्या राहिलेल्याला चिकटे. हीच उपपत्ती अधिक संभवनीय वाटते. हिंदी मुलखात हे नाव नाण्यांपर्यंत पोहोचले. 1907 पासून निकेलमिश्रित एक आण्याचे नाणे निघू लागले, ती गिलटाची इकन्नी. 1940 मध्ये रुपयातील चांदी बारा भागांत अकराच्या जागी निम्म्यावर आली, आणि 1947 मध्ये तर रुपया निव्वळ निकेलचा झाला. छत्तीसगढातील बायका चांदीच्या रुपयांची माळ गळ्यात घालीत. तिला ‘रुपिया’ म्हणतात. सरकारचा रुपयाच जेथे गिलटाचा झाला, तेथे गिलटाची रुपियामाळ घालणारीने शरमावे कशासाठी?

मराठी घरांतून ‘गिलिट’ आता जवळजवळ गेला. त्याच्या मागून ‘रोलगोल्ड’ आला, ‘इमिटेशन’ आला, ‘बेन्टेक्स’ हे तर छापाचे नाव असून सामान्यनाम झाले, आणि अलीकडे ‘एक ग्रॅमचे’ म्हणण्याची रीत पडली आहे. जुने नाव उघडे पडले की नवे घ्यायचे, असा हा क्रम. लग्नघरात एखादी मावशी हळूच भाचीच्या कानाशी लागते, ‘खरे आहे का ग?’ आणि भाची त्याहून हळू उत्तर देते.

गुढियारीच्या बाजारात हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. दुकानदार पैरीची जोडी हातात घेतो, तळव्यावर तोलतो आणि म्हणतो, ‘चांदी, की गिलट?’ बाई सांगते. तो तसा भाव करतो.