आधी चित्राचे माप

एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट मंदिराभोवती पटुआ चित्रकार यात्रेकरूंसाठी गिरणीच्या पातळ कागदावर जलरंगांत चित्रे काढीत. कागद साधारणपणे 45 सेंटिमीटर उंच व 28 सेंटिमीटर रुंद. पार्श्वभूमी बहुधा कोरी आणि आकृती पुष्कळदा कडेपर्यंत पोचलेली.

असे चित्र चौकटीत बसवावयाचे तर प्रथम चित्र मोजावे; तेही दोन-तीन ठिकाणी, कारण जुना कागद क्वचितच काटकोनात असतो. चौकटीची खाच प्रत्येक बाजूने सुमारे 5 मिलिमीटर भाग झाकते. हा हिशेब चुकला की देवीची बोटेच दिसेनाशी होतात. म्हणून चित्राभोवती पुठ्ठ्याची किनार ठेवावी. खाचेखाली ती जाईल, चित्र जाणार नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत कागद फुगतो. त्यासाठी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. काचही रंगाला टेकता कामा नये.

तयार चौकट स्वस्त पडते, म्हणून कागदच कापण्याचा मोह होतो. परंतु चौकट पुन्हा करता येते, कापलेली कड परत येत नाही. यांपैकी बहुतेक पटांवर चित्रकाराची सही नाही. त्याच्या हाताची जी खूण उरली आहे, ती त्या कागदावरच आहे.