हृदयाच्या ऑपरेशननंतरचा श्वास : आमचा अनुभव व काही सूचना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर मोठमोठ्या वक्त्यांची भाषणे ऐकली. आम्ही वक्ते नाही आणि डॉक्टरही नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षे लेथवर उभे राहून काम केलेला हा माणूस आहे. आमचे बायपासचे ऑपरेशन झाल्याचे आपणापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कार्यकारिणीने सांगितले, "काका, तुम्हाला जे भोगावे लागले ते चार लोकांना सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून उभे आहोत. ऑपरेशन एकाचे झाले तरी आजारपण घरातल्या दोघांनी काढले, तेव्हा 'आम्ही' म्हणतो त्यात आमच्या सौभाग्यवतीही आल्या असे समजावे.

प्रथम थोडे ऑपरेशनविषयी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चरबीने बुजतात. पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी घेऊन, बुजलेल्या जागेच्या पुढे रक्त नेणारी नवी वाट जोडून देतात, त्याला बायपास म्हणतात. हृदय थांबवून काम करायचे तर तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवणारे यंत्र लागते. अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी असे यंत्र वापरून माणसावर पहिले यशस्वी ऑपरेशन ६ मे १९५३ रोजी केले. पायातली शीर वापरून बायपास करण्याची पद्धत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे रूढ केली. विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे, हे फावालोरो अर्जेंटिनातल्या एका सुताराचे चिरंजीव. आई शिवणकाम करी. मोठे सर्जन होण्याआधी त्यांनी बारा वर्षे खेड्यात डॉक्टरकी केली.

आता मूळ विषय. ऑपरेशन चांगले झाले, सातव्या दिवशी घरी आलो. छातीत दुखेल, अशक्तपणा राहील, हे सगळ्यांनी सांगितले होते. श्वासाचे काय काय होईल, हे मात्र कुणी नीट सांगितले नव्हते. श्वास अर्ध्यावर अडल्यासारखा वाटे. पोटभर जेवल्यावर जसा दम कोंडतो तसे चार घास खाऊन होई. झोप लागता लागता दचकून जाग येई, जणू श्वास घ्यायचा विसरून गेलो. मध्येच आपोआप एक मोठा उसासा येई. छातीच्या डाव्या बाजूला बधिर वाटे. कूस बदलताना हाडात एखाद्या वेळी 'कट्' असा बारीक आवाज होई. उताणे झोपले की हृदयाचे ठोके उशीत ऐकू येत.

पुढे तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी एकेकाचे कारण समजावले, तेच आपणापुढे ठेवतो. छातीचे मधले हाड उभे कापून ऑपरेशन करतात आणि नंतर स्टीलच्या तारेने बांधतात. ते हाड सांधायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुखते म्हणून माणूस वरचेवर, उथळ श्वास घेतो. त्यात यंत्रावर असताना फुप्फुसे बराच वेळ मिटलेली असतात, त्यामुळे तळाकडचे फुगे चिकटून बसतात. श्वास अर्ध्यावर अडतो तो यामुळे. मोठा उसासा म्हणजे शरीर स्वतःच ते फुगे उघडू पाहते. छातीतली रोहिणी काढताना तिथल्या बारीक मज्जातंतूंना धक्का लागतो, म्हणून बधिरपणा. तो काही महिने राहू शकतो. काही रुग्णांत छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला चालवणारी नस दुखावते, मग आडवे झाल्यावर दम जास्त जाणवतो. बहुतेकांची ती नस हळूहळू सुधारते. रक्त कमी झालेले असते, त्यानेही जिना चढताना धाप लागते. आणि भीती तर असतेच. भीतीने श्वास भरभर होतो, भरभर श्वासाने हातापायांना मुंग्या येतात, मुंग्या आल्या की भीती आणखी वाढते.

इतके ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे हे सगळे चालायचेच, घाबरू नये. बंधूंनो, आमची चूक नेमकी इथेच झाली.

घरी येऊन बारावा दिवस असेल. रात्री आडवे झालो की श्वास पुरेना. उठून बसलो की बरे वाटे. दोन उशांच्या तीन केल्या, मग भिंतीला टेकून बसून रात्र काढली. दोन रात्री कुणाला बोललो नाही. थोरला मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर, त्याची रात्रपाळी. ऑपरेशनच्या वेळी त्याचे बरेच खाडे झाले होते. आणखी एक खाडा झाला तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, ही धास्ती. पुन्हा दवाखाना, पुन्हा रिक्षा, पुन्हा खर्च. आम्ही मनाशी म्हटले, गॅस झाला असेल, जाईल.

आमच्या सौभाग्यवती फार शिकलेल्या नाहीत. दवाखान्यातून तीन चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे यंत्र दिले होते, त्याला स्पायरोमीटर म्हणतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर जातात. पहिला चेंडू वर गेला तर सेकंदाला ६०० घनसेंटिमीटर, दुसरा ९०० आणि तिसरा १२०० असा त्याचा हिशेब. त्या रोज समोर बसून पाहत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "अहो, परवापर्यंत दोन चेंडू वर जात होते. आज एकही धड उचलत नाही. आणि तुमच्या पायांवर सूज आहे. मला खरे सांगा." मग सांगावे लागले. त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावून तिथल्या तिथे रिक्षा आणवली.

एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठले होते. वजन तीन दिवसांत दोन किलो वाढले होते. सुईने जवळजवळ लिटरभर पाणी काढले, चहासारख्या लाल रंगाचे. त्याच दुपारी पाठ टेकून झोपलो. असे थोडे पाणी या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होते व आपोआप जिरते. आमचे जास्त झाले. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, "आणखी दोन दिवस थांबला असता तर अवघड होते. कागदावर लिहिले होते ना?" घरी येऊन कागद काढला. खरोखरच लिहिले होते, दम वाढल्यास ताबडतोब या, म्हणून. इंग्रजीत. तो कागद आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही, आणि आम्हीही कुणाला विचारले नाही. दवाखान्याचे नाव घेत नाही, त्यांनी जीव वाचवला आहे. पण मराठीत चार ओळी समजावून सांगितल्या असत्या तर त्या दोन रात्री टळल्या असत्या.

उलट उदाहरणही सांगतो. आमच्या शेजारच्या खाटेवर चाकणकडच्या एका गावचे शेतकरी होते. हाडात 'कट्' वाजले की ते गाडी करून पुण्याला धावत. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा काही निघाले नाही. पैसे गेले आणि घरचे म्हणू लागले की यांच्या मनाचेच खेळ आहेत. आम्ही लपवून चुकलो, ते धावून थकले. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक नव्हती, ती म्हणजे कोणत्या त्रासाला थांबायचे आणि कोणत्या त्रासाला निघायचे.

म्हणून डॉक्टरांना विचारून केलेली यादी सांगतो, विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावी. जो त्रास दिवसेंदिवस कमी होतो, बसल्यावर, चालल्यावर हलका होतो, तो पुढच्या तपासणीत सांगितला तरी चालतो. जो त्रास दिवसेंदिवस वाढतो, त्याला थांबू नये. आडवे झाल्यावर श्वास पुरत नाही, पायावर सूज येते, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढते, १०१ अंशांच्या वर ताप येतो, जखम लाल होते किंवा वाहते, हाड वारंवार हलल्यासारखे वाटते, श्वास घेताना छातीत टोचते, तर त्याच दिवशी दाखवावे. नाडी एकदम जलद व वेडीवाकडी चालू लागली तरीही तसेच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळांना हे होते आणि औषधाने आटोक्यात येते. पण बसल्या जागी दम लागला, ओठ निळे पडले, थुंकीत रक्त आले, एकच पोटरी सुजून दुखू लागली आणि त्याबरोबर धाप लागली, चक्कर येऊन पडले किंवा पूर्वीसारखेच छातीत दुखू लागले, तर रिक्षाही शोधू नये. १०८ क्रमांक फिरवावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे व तिला पैसे पडत नाहीत.

आता घरी काय करावे. जागे असताना दर तासाला दहा वेळा चेंडूंचे यंत्र ओढावे, सावकाश. खोकला दाबू नये. छातीशी उशी घट्ट धरून खोकावे, म्हणजे हाडाला आधार मिळतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालावे, बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि हळूहळू अर्ध्या तासावर न्यावे. भरलेली बादली, गॅसची टाकी, नातवंड, काही उचलू नये. दुचाकी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चालवू नये. बिडी, तंबाखू, मिश्री कायमची सोडावी. आमच्या भगिनींनाही हे सांगतो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे.

आपल्यापैकी बरेच जण आनापानसतीचा अभ्यास करतात, त्यांनी एक प्रश्न हमखास विचारला. आम्हीही घरी आल्यावर डोळे मिटून श्वास पाहू लागलो, आणि पहिल्या दिवसांत भीती वाढली. प्रत्येक श्वास मोजू लागलो, हा कमी का, तो अडला का. नंतर ध्यानात आले, आम्ही श्वास पाहत नव्हतो, श्वासावर पाळत ठेवत होतो. भगवंतांनी सांगितले ते असे की, श्वास आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे. तो लांब असलाच पाहिजे असा हट्ट त्यात नाही. यंत्रावरचा व्यायाम हा वेगळा आणि आनापान वेगळे, दोन्हींची वेळ वेगळी ठेवली तेव्हा मन ठिकाणावर आले. जोरजोरात श्वास सोडण्याचे प्रकार मात्र हाड जुळेपर्यंत करू नयेत. आणि कोणतीही साधना एक्स-रेच्या ऐवजी नाही, हेही स्पष्ट सांगतो. ज्या दिवशी छातीत पाणी होते, त्या दिवशी सुईच हवी होती.

शेवटचा मुद्दा रोजीरोटीचा. आपल्या या पट्ट्यात फाउंड्रीची धूळ, ग्राइंडिंगचा कीस, रंगाचा वास फुप्फुसात घेऊनच माणूस ऑपरेशनला जातो. त्याने आपण कुठे काम करतो हे डॉक्टरांना आधीच सांगावे. परत कामावर जाताना हलके काम मिळावे म्हणून लेखी दाखला घ्यावा. ज्यांची ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख लाभ मिळतो. पुष्कळांना हे माहीतच नसते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. जे हक्क अशा कष्टाने मिळाले, ते अर्ज न भरल्यामुळे बुडू देऊ नयेत. शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिच्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवावे.

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आमचे वडील त्या दिवशी तिथे चालत गेले होते. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी आम्ही तिथे गेलो, बसने. पायऱ्या चढताना एकदा थांबलो, दम खाल्ला आणि चढलो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या वस्तीत कुणी दवाखान्यातून घरी आले, की त्यांच्या घरी जा आणि तो इंग्रजी कागद त्यांना मराठीत वाचून दाखवा. पंधरा मिनिटांचे काम आहे. संस्थेने याची नोंदवही ठेवावी, अशी आम्ही अध्यक्षांना विनंती करतो. पहिले नाव आमच्या नातवाचे घालावे, त्याला आम्ही विचारून ठेवले आहे.