म्हाताऱ्या घोड्याचे दात

घोड्याचे वय दातांवरून ओळखतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याचे उरलेले आयुष्यही त्याच दातांवर अवलंबून असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. घोड्याची दाढ वर्षाकाठी सुमारे २ ते ३ मिलिमीटर झिजते आणि जवळजवळ तितकीच हिरडीतून वर येते. पंचविशीच्या सुमारास हा साठा संपत येतो. शिवाय वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यामुळे दाढांच्या कडा धारदार होऊन गाल व जीभ सोलून निघतात. मग अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून गळतात, लिदीत अख्खे दाणे दिसतात. तोबरा भरलेला असूनही जनावर उपाशी राहते, आणि धनी म्हणतो, ‘वय झाले!’

श्रोतेहो, यावर उपाय आहे. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्याव्यात. टोके कानशीने घासवून घ्यावीत. मात्र वृद्ध घोड्याचा दात थोडाच उरलेला असतो, तेव्हा हे काम बेतानेच व्हावे. दाढाच उरल्या नसतील, तर खुराक भिजवून लापशीसारखा मऊ करून द्यावा. कोरडा चारा घशात अडकण्याचा धोका असतो.

ज्याने उमेदीत आपला भार वाहिला, त्याच्यापुढे चारा टाकला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. तो त्याला चावतो की नाही, हेही पाहावयास हवे.