गाडी मिसिंग का मारते?



सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांची एक तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, रस्त्याला लागली की बरी चालते. मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, इंजेक्टर साफ करतात. पैसे जातात, थरथर राहते. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की सुटा भाग विकत आणण्याआधी मोजमाप घ्या.

आयडलिंगला, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० स्फोट व्हायला हवेत. एक सिलिंडर हुकू लागला, म्हणजेच गाडी मिसिंग मारू लागली, की त्याचा हिसका थेट बसायच्या सीटपर्यंत येतो. स्कॅनर पी०३०३ दाखवतो, म्हणजे तिसरा सिलिंडर हुकतो आहे. का हुकतो, हे तो कोड सांगत नाही. अशा वेळी नवी कॉइल आणू नका. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. तिसऱ्यालाच चिकटून राहिला तर तिचा दोष नाही. या तपासाला पैसा लागत नाही. प्लगचीही अशीच अदलाबदल करावी. फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा शिरत असेल तर तेही याच वेळी पाहून घ्यावे.

एवढे करूनही थरथर राहिली, तर विचारा: ही गाडी सीएनजीवर किती चालली? मुंबई-पुण्याकडच्या जुन्या गाड्यांत बाहेरून किट बसवलेल्या पुष्कळ आहेत. सीएनजी कोरडा वायू. त्यावर सतत चालणाऱ्या इंजिनात, व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यावर टेकतो ती मूळ व्हॉल्व्ह-सीट त्यासाठी बनवलेली नसेल तर, व्हॉल्व्ह तिच्यात हळूहळू रुतत जातो. तो रुतला की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, कमी होतो. इंजिन तापून व्हॉल्व्ह लांबला की उरलासुरला गॅपही संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. आयडलिंगला कॉम्प्रेशन गळायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून गाडी थरथरते. वेगात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून ती बरी वाटते. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते. हे नुकसान गाडी चालताना कुणालाच दिसत नाही, म्हणून मला त्याची सर्वात जास्त काळजी वाटते.

तेव्हा इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, इंधन बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांहून बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. नाही चढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर खाली असतील, तर गॅस्केट आधी तपासावे.

गॅप फीलर गेजने मोजता येतो. वेळेत लक्षात आले तर टॅपेट सेटिंगवर भागते. कड जळली असेल तर मात्र हेड उतरवावेच लागते, आणि तसे सांगणाऱ्या मेकॅनिककडून चारही सिलिंडरचे आकडे आधी कागदावर लिहून घ्या.